बेकनसाठी डुकरं विकायची आहेत? पिल्लं आणण्याआधी खरेदीदाराकडे जाऊन या

आमच्या पहिल्या लॉटला २२ डुकरं होती. लार्ज व्हाइट यॉर्कशायर, पांढरीशुभ्र, खाऊनपिऊन टुमटुमीत झालेली. दौंडजवळच्या आमच्या शेडवर जो येई तो म्हणे, "ताई, माल एक नंबर आहे." प्रक्रिया कारखान्यात मात्र त्यातल्या फक्त ९ जनावरांना ठरलेला पूर्ण भाव मिळाला.

मी कारणं विचारली तेव्हा तिथले पर्यवेक्षक मला थंड खोलीच्या दाराशी घेऊन गेले. उभ्या चिरलेल्या एका धडाच्या पाठीवर, शेवटच्या बरगडीपाशी, त्यांनी स्टीलची छोटी पट्टी टेकवली आणि म्हणाले, "वाचा." कातडीपासून मांसापर्यंत नुसती पांढरी चरबी, ३८ मिलिमीटर. "ही आम्ही तासून टाकतो, ताई. तिचे पैसे कुठून देऊ?"

अशी जाड चरबीची ७ निघाली. ३ नर उशिरा खच्ची केलेले होते, त्यांच्या मांसाला वास येत होता. दोघांच्या मागच्या मांडीवर काठीचे काळेनिळे वळ होते. एकाच्या मांडीत जुन्या इंजेक्शनची पुवाळलेली गाठ सापडली. १३ जनावरं कमी भावात गेली, आणि यातली एकही चूक विक्रीच्या दिवशी दुरुस्त होण्यासारखी नव्हती. प्रत्येकीचं मूळ काही आठवडे, काही महिने मागे होतं. वळ तेवढे आदल्या रात्रीचे.

खाटीक जनावर घेतो, बेकनवाला, म्हणजे डुकराचं मांस मिठात मुरवून विकणारा, एका ठरावीक मापाचं धड घेतो. हा फरक कळायला मला एक अख्खा लॉट घालवावा लागला. तुमचा तेवढा वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी खरेदीदार, मग पिल्लं

एकेकाळी सरकारनंच बेकनचे कारखाने काढले होते. आपल्याकडे बोरिवलीला, बंगालात हरिंगघाट्याला, आंध्रात गन्नवरमला, तसंच अलीगढ, रांची अशा ठिकाणी. केरळात कूथाट्टुकुलमजवळची मीट प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी त्याच परंपरेतली. महाराष्ट्रात आज विक्री करायची तर गाठ पडते खासगी प्रक्रियाकारांशी, आणि ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दूध जसं रोज सकाळी संकलन केंद्रावर नेऊन ओतता येतं तसं इथे नाही. त्यामुळे शेड बांधायच्या आधी मुंबई, पुणे, गोवा पट्ट्यातल्या दोन-तीन खरेदीदारांना प्रत्यक्ष जाऊन भेटा.

फोनवर सगळे "आणा, घेतो" म्हणतात. समोर बसून हे प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहून घ्या:

- जिवंत वजन किती ते किती चालतं? साधारण ९० ते १०० किलो मागतात, पण प्रत्येकाची चौकट वेगळी असते.
- पाठीवरची चरबी किती मिलिमीटरपर्यंत पूर्ण भाव? पुढे किती कपात?
- एका वेळी किमान किती नग हवेत, किती दिवसांच्या अंतरानं?
- नर किती वयापर्यंत खच्ची केलेले लागतात?
- पैसे किती दिवसांत?

लेखी काही द्यायला खरेदीदार कां-कूं करत असेल, तर तुम्हीच घरी येऊन झालेलं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि "बरोबर आहे का?" विचारा. पुढे वाद झालाच तर तो मेसेज फार कामाला येतो.

इथे एका सापळ्याबद्दल सांगायला हवं. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या युनिटला ५० टक्के, कमाल ३० लाख रुपये भांडवली अनुदान आहे. योजना चांगली आहे. पण अनुदानाच्या आकड्यावरून युनिटचा आकार ठरवू नका. १०० माद्या म्हणजे वर्षाला दीडेक हजार पिल्लं. ती घेणारा कोण, हे आधी ठरलेलं असू द्या.

२. नग आणि माप: एकट्याच्या ६ डुकरांना कोणी विचारत नाही

छोट्या शेतकऱ्याची सगळ्यात मोठी अडचण हीच. आपल्याकडे ६ डुकरं तयार, त्यातलं एक ७० किलोचं, एक ११० चं. कारखान्याचं पाणी तापवण्याचं टाकं, कटाईची माणसं, थंड खोली हे सगळं ६ नगांसाठी सुरू करायला त्याला परवडत नाही. मग मधे दलाल येतो, आणि किलोमागे त्याचे पैसे आपल्याच भावातून जातात.

हिशोब असा मांडा. एक मादी वर्षाला साधारण दोनदा विते, दर वेताला ८ पिल्लं दूध तुटेपर्यंत जगली असं धरा. म्हणजे वर्षाला १६. दर महिन्याला २० नगांचा लॉट द्यायचा तर वर्षाला २४० हवेत, म्हणजे १५ माद्या. तुमच्याकडे ५ असतील तर आसपासच्या अजून दोघांना बरोबर घ्या. गट करायचा तर सगळ्यांचा नर एकाच जातीचा आणि खुराक एकच हवा, नाहीतर लॉट एका मापाचा होत नाही.

वेतं एका वेळी आणायची युक्ती सोपी आहे. सगळ्या माद्यांची पिल्लं एकाच दिवशी दुधावरून तोडली, की बहुतेक माद्या ४ ते ७ दिवसांत माजावर येतात. गाभणकाळ ११४ दिवसांचा, म्हणजे ३ महिने, ३ आठवडे, ३ दिवस. एकाच आठवड्यात नराकडून भरवल्या तर एकाच आठवड्यात वितात, आणि सहा-सात महिन्यांनी लॉट एका उंचीचा उभा राहतो.

३. पहिल्या महिन्यात करायची कामं, ज्यांचे पैसे सातव्या महिन्यात मिळतात

नर पिल्लं दोन ते तीन आठवड्यांच्या आत पशुवैद्यकाकडून खच्ची करून घ्या. वयात आलेल्या नराच्या चरबीत जो उग्र वास साठतो तो जिवंत जनावरात कळत नाही. मांस तव्यावर पडलं की कळतो. बेकन तर तव्यावरच जातं. आम्ही ३ नर "पुढे पैदाशीला ठेवू" म्हणून तसेच ठेवले आणि पाचव्या महिन्यात विचार बदलला. तेच तिन्ही वासामुळे कमी भावात गेले. पैदाशीला ठेवायचे नर पहिल्या दिवशी वेगळे निवडा, बाकीच्यांबद्दल दुसरा विचार नको.

क्लासिकल स्वाइन फिव्हरची लस तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वेळापत्रकानुसार द्या आणि तारीख लगेच लिहा. कोणतंही इंजेक्शन कानामागे मानेत. मांडीत कधीही नाही, कारण तिचाच हॅम (मुरवलेली मांडी) होतो आणि तिथल्या गाठीमुळे सगळ्यात महाग तुकडा बाद होतो.

डुकरं मोकळी सोडू नका. गावभर फिरून माणसाची विष्ठा खाणाऱ्या डुकराच्या मांसात फीतकृमीच्या गाठी होतात, साबुदाण्याच्या दाण्यासारख्या. तपासणीत त्या दिसल्या की अख्खं धड नष्ट करतात. शेडवर काम करणाऱ्या माणसांसाठी संडास बांधणं हासुद्धा याच कामाचा भाग आहे. जंताचं औषध वेळच्या वेळी दिलं नाही तर यकृतावर पांढरे डाग पडतात आणि ते बाद होतं.

४. शेवटचे दोन महिने: खुराकात हात आवरा

आपली सवय अशी की जनावर खातंय ना, मग घाला. माझ्या सासूबाई आजही टोपलं भरून भरडा टाकायला निघतात, त्यांना रिकामी गव्हाण बघवत नाही. पण ६० किलोच्या पुढे डुकराची वाढ मांसाकडून चरबीकडे वळते. तिथून पुढे आम्ही पोटभर देणं थांबवलं. मका भरडा, गव्हाचा कोंडा, सोयाबीन पेंड आणि क्षार मिश्रण मिळून रोज साधारण अडीच किलो, दोन वेळा विभागून. शेवटच्या टप्प्याच्या खुराकात प्रथिनं १४ टक्क्यांच्या आसपास पुरतात. दुसऱ्या लॉटला पट्टीवर २२ ते २६ मिलिमीटर आलं.

हॉटेलचं उरलेलं अन्न स्वस्त पडतं, हे मलाही माहीत आहे. आम्ही ते पूर्ण बंद केलं, दोन कारणांनी. तेलकट अन्नानं चरबी मऊ, तेलकट होते. थंड करूनही ती घट्ट बसत नाही आणि बेकनचे पातळ काप फाटतात. शेंगदाणा पेंड जास्त झाली तरी हेच होतं, आणि मासळीच्या कचऱ्यानं मांसाला वास लागतो. दुसरं कारण आफ्रिकन स्वाइन फिव्हरचं. हा रोग भारतात २०२० साली आसाम आणि अरुणाचलात पहिल्यांदा आढळला आणि २०२२ मध्ये केरळात वायनाडपर्यंत पोहोचला. आपल्याकडे त्यावर वापरात असलेली लस नाही. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून त्याचा विषाणू येऊ शकतो, आणि हॉटेलच्या बादलीत काय आहे हे कोण सांगणार? माणसाला हा रोग होत नाही, पण आख्खं शेड रिकामं करतो.

औषधांची वही याच काळात सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक प्रतिजैविकाच्या आणि जंतनाशकाच्या लेबलवर लिहिलेलं असतं की शेवटच्या डोसनंतर कत्तलीपर्यंत किती दिवस थांबायचं. तेवढे दिवस मोजा, मगच विक्रीची तारीख द्या. कोलिस्टिन हे औषध खाद्यासाठीच्या जनावरांना वापरायला २०१९ पासून बंदी आहे. कोणी "जुन्या स्टॉकमधलं" म्हणून देत असेल तरी घेऊ नका.

५. वजन: काटा नसेल तर टेप

तयार जनावर १०-१५ दिवस जास्त ठेवलं की काय होतं? ते रोज अडीच किलो खातं. खुराक ३० रुपये किलो धरला तर रोजचे ७५ रुपये. त्यातून वाढते ती चरबी, जिला भाव नाही. म्हणून दर आठवड्याला माप घ्या.

पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या. मग दोन्ही कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीवरून लांबी. दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३, इतकं वजन किलोत. घेर १.०५ मीटर आणि लांबी १.१५ मीटर असेल तर साधारण ८८ किलो. जनावर खात असताना, मान सरळ असताना मोजा. मान वर केली की लांबी चुकते. गेल्या तीन लॉटमध्ये आमचा फरक काट्यापासून तीन-चार किलोपेक्षा जास्त गेला नाही.

उन्हाळ्याचा हिशोब वेगळा ठेवा. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. एप्रिल-मेमध्ये ते खाणं कमी करतं आणि आमच्याकडे ठरलेलं वजन दोन-तीन आठवडे उशिरा येतं. खरेदीदाराला हे आधीच सांगून ठेवा.

६. भाव ठरवताना: कुठलं वजन, कुठे मोजलेलं?

या पायरीवर नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो, म्हणून आकडे मांडून दाखवते. भाव समजण्यापुरते धरलेले आहेत.

एक खरेदीदार म्हणतो जिवंत वजनावर १५० रुपये. दुसरा म्हणतो धडाच्या वजनावर २०५ रुपये. २०५ ऐकून बरं वाटतं. पण ९५ किलोच्या डुकराचं रक्त, केस, आतडी काढली की धड भरतं ७२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६८.४ किलो.

- जिवंत ९५ किलो, शेडवर मोजून: १४,२५० रुपये
- तेच जनावर कारखान्यात मोजलं. उपाशी पोट आणि प्रवासात ४ किलो घटलं, ९१ किलो: १३,६५० रुपये
- गरम धड ६८.४ किलो, २०५ नं: १४,०२२ रुपये
- थंड करून मोजलं, २ टक्के घट, ६७ किलो: १३,७३५ रुपये
- थंड धड, मुंडकं वगळून, ६२ किलो: १२,७१० रुपये

एकच जनावर, आणि दीड हजाराचा फरक. म्हणून भाव विचारण्याआधी विचारा: जिवंत की धड? गरम की थंड? मुंडक्यासकट की वगळून? यकृत-आतडी कोणाची? तपासणीत धड बाद झालं तर नुकसान कोणाचं? आणि काट्यापाशी तुमचा माणूस उभा राहील, हे आधीच सांगा. त्यात अपमान वाटून घेणारा खरेदीदार मला तरी नको.

धडावर भाव ठरला तर प्रत्येक जनावराच्या अंगावर तुमची ओळख हवी. कानातला बिल्ला गरम पाण्यात आणि केस काढण्यात निघून जातो. खांद्यावर गोंदणाचा शिक्का मारला तर तो कातडीवर राहतो. शिक्का नसेल तर दुसऱ्याचं खराब धड तुमच्या नावावर लागू शकतं.

आणखी एक गैरसमज. दुकानात बेकनचं पाकीट महाग दिसतं, म्हणून आपल्यालाही तसाच भाव मिळावा असं वाटतं. पण पट्टेदार बेकन निघतं पोटाच्या भागातून, आणि ६८ किलोच्या धडात पोटाचा भाग १०-१२ किलोच असतो. बाकीचं त्याला हॅम, सॉसेज, ताजं मांस म्हणून खपवायचं असतं. त्याची ही बाजू समजली की घासाघीस नेमक्या ठिकाणी करता येते. मी आता भावासाठी कमी आणि पैसे मिळण्याच्या मुदतीसाठी जास्त भांडते. पहिल्या लॉटचे पैसे यायला दोन महिने लागले आणि तेवढ्यात पेंडवाल्याची उधारी डोक्यावर बसली. आता निम्मे पैसे गाडी उतरताना, उरलेले १५ दिवसांत, असं ठरवूनच गाडी भरते.

७. कागदपत्रं

गाडी निघायच्या आदल्या दिवशी एका फाइलमध्ये हे सगळं हवं:

- पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा आरोग्य दाखला, नगांच्या संख्येसह. सुट्टीचे दिवस बघून दोन दिवस आधी सांगून ठेवा.
- लसीकरणाची नोंद आणि औषधांची वही
- शेडसाठीचा ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला
- नग, शिक्क्याचे क्रमांक आणि वजन लिहिलेलं चलन, दोन प्रतींत
- भाव-मुदत लिहिलेला करार किंवा निदान तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, छापून
- आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाची प्रत

ना-हरकत दाखल्याला आम्हाला वेळ लागला. डुकरं म्हटलं की गावात नाकं मुरडतात, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या कैकाडी, वडार समाजाच्या माणसांनी तर याहून कितीतरी जास्त सोसलं आहे. आम्हाला उपयोग झाला तो सदस्यांना शेडवर बोलावून शेणखड्डा, झाकलेलं गटार आणि दिवसातून दोनदा होणारी धुलाई दाखवण्याचा.

८. गाडी भरणं: सहा महिन्यांचं काम एका रात्रीत बिघडतं

खुराक गाडी भरण्याच्या काही तास आधी बंद, पाणी मात्र चालू. भरल्या पोटी डुकरं गाडीत ओकतात, गुदमरतात.

काठी शेडवर ठेवूच नका. डुकराला हाकायला अडीच फुटांची प्लायची फळी पुरते. समोर भिंत दिसली की ते आपोआप वळतं. चढायला उतार हळू असावा, त्यावर आडव्या पट्ट्या ठोकाव्या, आणि गाडीच्या तोंडाशी उजेड असावा. अंधारात डुक्कर पाऊल टाकत नाही. हे माहीत नव्हतं म्हणून आमच्या गड्यांनी काठ्या चालवल्या होत्या.

जागा दर जनावराला ५ चौरस फूट धरा. साडेपाच फूट बाय आठ फुटांच्या पिकअपमध्ये ८, जास्त नाही. वेगवेगळ्या खोल्यांतली डुकरं एकत्र भरली तर रस्ताभर मारामारी करतात. निघण्याआधी अंगावर पाणी मारा, खाली भुसा टाका, आणि प्रवास रात्रीचा ठेवा. घाबरलेल्या, तापलेल्या जनावराचं मांस फिकट आणि पाणथळ होतं, मुरवताना पाणी नीट धरत नाही. कत्तलखान्याच्या २००१ च्या नियमांत तपासणीनंतर २४ तास विश्रांतीची तरतूद आहे. ती जागा सावलीची आणि पाण्याची आहे का, हे पहिल्याच भेटीत बघून घ्या.

व्यापाऱ्याची गाडी शेडपर्यंत येऊ देऊ नका. ती आधी कुठल्या शेडवरून आली हे तुम्हाला ठाऊक नसतं. आम्ही फाटकाशी चढणीचा ओटा बांधला आहे. चाकांवर जंतुनाशक मारूनच गाडी तिथे लागते.

९. खरेदीदारानं ऐनवेळी नाही म्हटलं तर

हे होतं. डिसेंबरात नाताळामुळे सगळे फोन करतात. ख्रिस्ती उपवासाच्या काळात आणि श्रावणात तेच लोक "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतात. आफ्रिकन स्वाइन फिव्हर आढळला तर बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरचं क्षेत्र बाधित आणि १० किलोमीटरपर्यंतचं निगराणीचं ठरतं. तुमचं शेड स्वच्छ असलं तरी वाहतूक अडकते. डुकरं मात्र वाढतच राहतात.

म्हणून दुसरा, तिसरा गिऱ्हाईक आधीपासून ओळखीचा ठेवा. जास्त चरबीची जनावरं गोव्यातल्या चौरीस, म्हणजे मसालेदार सॉसेज, करणाऱ्यांना चालतात, कारण त्यात चरबी लागतेच. स्थानिक परवानाधारक मटणवाले महिन्याला चार-पाच घेतात. आम्ही दर लॉटमधली दोन-तीन त्यांना मुद्दाम देतो, भाव थोडा कमी असला तरी, म्हणजे अडचणीच्या महिन्यात फोन करताना अनोळखी वाटत नाही.

१०. गाडी गेल्यावर

कारखान्याकडून धडनिहाय तक्ता मागून घ्या: शिक्का क्रमांक, धडाचं वजन, चरबी, कपात आणि तिचं कारण. बरेच जण आपण होऊन देत नाहीत, मागितला की देतात. तो तक्ता जन्मनोंदीच्या वहीशेजारी ठेवून बघा. आमच्याकडे चौथ्या लॉटला जाड चरबीची ५ जनावरं निघाली आणि पाचही एकाच मादीची पिल्लं होती. तिला त्या महिन्यात पैदाशीतून काढलं.

मग शेड रिकामं करून धुवा, चुना मारा, दोन आठवडे वाळू द्या. पुढची पिल्लं त्यानंतर आणा, आणि त्याआधी खरेदीदाराला एक फोन करून वजनाची चौकट तीच आहे का ते विचारा. गेल्या वर्षी आमच्या खरेदीदारानं कापाचं नवं यंत्र बसवलं आणि १०० ची मर्यादा ९५ वर आणली. मी विचारलं म्हणून कळलं.